कोंबड्यांचा रकाना

कोंबडीला अहोजाहो करणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि तो सरकारी इंजिनियर होता.

"अहो बाई, इकडे या. तिथे ओल आहे," असं तो परसात छत्री धरून म्हणायचा. कोंबडी कशाला ऐकतेय. ती ओलीतच जाऊन एका पायावर उभी राहायची. मग हा तिला समजावून सांगायचा, की बाई, पायाला चिखल लागला की तोच तुम्ही खुराड्यात नेता, खुराड्यातला भुसा भिजतो, भुसा भिजला की तुम्हाला थंडी बाधते. मी आमच्या बाजूला कुंपणाच्या फळीवर कोपर टेकून उभा असायचो. मनात म्हणायचो, या माणसाच्या हातात सरकारनं धरणं दिली होती.

तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. मेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये म्हणतात. मी लिहिणार. जिवंत असताना तोंडावर बोललोय, आता लपवायचं कशाला? माझी शाळा तिसरीपर्यंत. सून म्हणाली, आबा, तुम्ही सांगा, मी टाइप करते. मी म्हटलं नको. आपण सांगावं आणि दुसऱ्यानं लिहावं, म्हणजे लिहिणाऱ्याला पाहिजे तेवढंच कागदावर उरतं. हे मला एका सरकारी खात्यानं शिकवलंय. त्याचंच पुढं येईल.

आम्ही राहायचो विलायतेत, मिल्टन कीन्सला. मुलगा कॉम्प्युटरच्या कामावर, दोन हजार सालानंतर इकडं आला. माझी बायको गेल्यावर मलाही घेऊन आला. हे गाव म्हणजे गाव नव्हे. कुणीतरी कागदावर पट्टी ठेवून आखलं आणि मग जमिनीवर उतरवलं. आडवे रस्ते, उभे रस्ते, त्यांना नंबर, आणि दोन रस्ते भेटतात तिथं एक गोल. घरं एका साच्यातली, झाडं मागाहून लावलेली. पहिल्या दिवशी गाडीतनं बघितलं आणि मुलाला म्हणालो, "अरे, हे तर आपल्या नव्या गावठाणासारखं आहे." तो हसला. त्याला वाटलं मी कौतुक करतोय. आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं, आणि सरकारनं माळावर चुन्याच्या रेघा मारून जे दिलं ते नवं गावठाण. कौतुकाचं त्यात काय होतं?

इंजिनियर आमच्या मागच्या घरात, मुलीकडं राहायला आलेला. त्याचं परस आणि आमचं परस यांच्यामध्ये एकच फळी. तोही माझ्याच वयाचा, त्याचीही बायको गेलेली. मागच्या घरात मराठी आजोबा आहेत हे मुलीनं सांगितल्याबरोबर हा कोट घालून, दोन मफलर गुंडाळून आमच्या दारात हजर. हात जोडले आणि आधी हुद्दा सांगितला. "पाटबंधारे खात्यातून निवृत्त. कार्यकारी अभियंता."

मी विचारलं, "कुठलं कुठलं धरण?"

त्यानं चार नावं घेतली. तिसरं आमचं. नाव मी लिहीत नाही, गावाचंही लिहीत नाही. गावच नाही तर नाव कशाला?

"तेव्हा मी नुकता लागलो होतो हो," म्हणाला. "ओव्हरसियर. सर्व्हेच्या पार्टीत."

"माझं गाव त्यात गेलं."

"कुठलं?"

मी सांगितलं. त्यानं डोळे मिटले, बोटानं हवेत एक रेघ ओढली आणि म्हणाला, "हो. डावा तीर. बुडित रेषेच्या आत." तलाठ्यानं सातबारा वाचून दाखवावा, तसं. वर चहा प्यायला आणि साखर जास्त आहे म्हणाला.

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं. या माणसाच्या तोंडनं मला एक शब्द ऐकायचा आहे. चुकलं. आमचं चुकलं, एवढंच. तोवर त्याच्या घरचं काही खायचं नाही आणि त्याला कसलीही अक्कल शिकवायची नाही. मी शब्दाचा पक्का आहे. पण तेव्हा मला काय ठाऊक, की हा बाबा कोंबड्या आणणार आहे.

कोंबड्यांतलं मला कळतं. पुस्तकातलं नव्हे. माझ्या आईच्या सात कोंबड्या होत्या, आणि मी चालायला लागलो तो त्यांच्या मागनं.

यानं कोंबड्या आणल्या त्या नोव्हेंबरात. अहो, इथला नोव्हेंबर म्हणजे आभाळाला भोक. त्या महिन्यात शहाणा माणूस नवीन चप्पलसुद्धा आणत नाही. आणि आणल्या त्या पण कसल्या? इथं मोठे फार्म असतात. पिंजऱ्यात वर्षभर ठेवतात आणि अंडी कमी झाली की काढून टाकतात. त्यातल्या चार याला कुणीतरी दिल्या. अंगावर पिसं नाहीत, मान उघडी, अर्धवट भाजून काढल्यासारख्या. माती कधी बघितलेली नाही. खुराड्याचं दार उघडलं की उंबऱ्यावर पाय धरून उभ्या राहायच्या, मातीवर टेकवायला घाबरायच्या. दांडीवर बसायचं असतं हेही माहीत नाही. अंधार पडला की कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर ढीग.

आणि हा स्वतः अंडं खात नाही. एकदा मी फळीवरनं विचारलं, "खात नाही तर पाळल्या कशाला?"

थोडा विचार करून म्हणाला, "परसाच्या ड्रेनेजचा प्रश्न इंटरेस्टिंग आहे."

त्याची मुलगी मागं कपडे वाळत घालत होती. ती हळूच फळीजवळ आली. "काका, आई गेल्यापासून बाबा बोलतच नव्हते. दोन वर्षं. हो आणि नाही, बस. आता निदान कोंबड्यांशी तरी बोलतात. सो आय डोन्ट माइंड द मेस."

मी म्हटलं, "बोलायला माणसं नाहीत का?"

ती म्हणाली, "तुम्ही बोलता का त्यांच्याशी?"

पोरगी हुशार होती. बापावर गेली नव्हती.

त्याच्या खिशात कायम पाणसळ. गवंड्याकडं असते ती पट्टी, काचेच्या नळीत पाण्याचा बुडबुडा असलेली. कसं काय सायेब, विचारलं की उत्तर ठरलेलं: "लेव्हलमध्ये." आमच्याकडं चहाला आला तर कप उचलायच्या आधी टेबलावर पाणसळ ठेवली.

"तीन मिलिमीटर आउट आहे तुमचं टेबल."

"चहा सांडला का?"

"नाही."

"मग प्या."

पाऊस लागला की सगळं जग घरात आणि हा बाहेर. लाल डांबराच्या सायकलवाटा आहेत तिथं, त्या वाटेनं छत्री घेऊन तळी बघायला जायचा. पावसाचं पाणी आधी तळ्यात जावं, घरात शिरू नये, म्हणून गाव आखतानाच तळी खणलीत म्हणे. एकदा मलाही घेऊन गेला. काठावर उभा राहून देवळात बोलावं तसं हळू बोलला, "बघा आबा. आधी तळं, मग घरं. याला म्हणतात प्लॅनिंग."

मी म्हटलं, "आमच्याकडं आधी काय होतं?"

त्यानं मफलर गळ्याशी घट्ट केला. मग म्हणाला, "आमच्याकडे मार्चएंड होता."

परत येताना तो माझ्यापुढं चार पावलं चालत होता. बदकं मात्र मजेत होती.

इथं एक कायदा आहे, की स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं कोंबड्यांना घालायचं नाही. चपातीचा तुकडाही नाही. बघायला कोण येतंय? पण यानं तो कायदा मोठ्या अक्षरात छापून मुलीच्या स्वयंपाकघराच्या दाराला लावला, आणि खाली स्वतःची सही. मी रोज सकाळी दात घासून झाले की फळीवरनं शिळ्या भाकरीचा चुरा टाकायचो. माझं भांडण इंजिनियरशी होतं, कोंबड्यांशी नव्हतं. महिनाभरात त्यांना पिसं फुटायला लागली, तर हा मुलीला सांगतो, "बघितलंस, व्हेंटिलेशनचा फरक."

डिसेंबरात त्यानं जे केलं ते बघून मी घरात येऊन सुनेला म्हणालो, हा माणूस कामातनं गेला. चारातली एक अजून उघडीच होती, पाठीवर कातडं दिसत होतं. यानं आपल्या जुन्या स्वेटरची बाही कापली, दोन भोकं पाडली आणि तिच्या अंगात घातली. करड्या लोकरीत कोंबडी. चालताना अशी दिसायची, की पेन्शन आणायला निघालीय. मुलीनं फोटो काढले, येणारेजाणारे हसले.

मी हसलो नाही. कारण लोकर भिजते. पिसावरनं पाणी ओघळून जातं, लोकर ते धरून ठेवते. ओलं ओझं पाठीवर घेऊन ती कोंबडी दिवसभर फिरायची. हे समजायला इंजिनियरिंग कॉलेज लागत नाही. मला दिसत होतं. ओठापर्यंत यायचं आणि मी गिळायचो. ठरलं होतं ना, शिकवायचं नाही.

खुराडंही त्यानं परसाच्या टोकाला, अगदी खोलगट जागेत ठेवलं होतं. का, तर पुस्तकात लिहिलंय की तोंड दक्षिणेला पाहिजे, आणि नकाशात ते तिथंच बरोबर मध्यावर बसत होतं. जमीन बघायला काय पुस्तक लागतं? सकाळी दव कुठं उशिरापर्यंत राहतं ते बघायचं. तिथं पाणी थांबतं. मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तिथली माती चिकण. पाणी पीत नाही, नुसतं तोंडात धरून बसते.

जानेवारीत पावसानं मुक्कामच टाकला. दिवसभर बारीक, गार, कोटाच्या शिवणीतनं आत जाणारा. परसात चिखलाचा काला झाला. तेव्हा हा बाहेर आला, हातात पारदर्शक नळी, तिच्यात पाणी भरलेलं. नळीचं एक टोक मुलीच्या हातात, दुसरं याच्या हातात. तासभर वर-खाली, वर-खाली केलं. मुलगी कुडकुडतेय, "बाबा, प्लीज, आता आत चला ना." शेवटी खुराड्यापासून हातभर अंतरावर त्यानं लाकडाची खुंटी ठोकली आणि तिच्या डोक्याला लाल रंग दिला.

मला बघून म्हणाला, "आबा, पाणी या रंगाच्या वर येणार नाही. शंभर वर्षांतला मोठ्यात मोठा पाऊस धरलाय."

मी त्या लाल डोक्याकडं बघत राहिलो. आमच्या घरासमोर एक दगड होता, आई त्याच्यावर बसून धान्य निवडायची. त्या दगडाला असाच लाल पट्टा ओढला होता. वर राहील ते राहील, खाली असेल ते जाईल. आमचा उंबरा पट्ट्याच्या खाली दीड हात. रंग देणाऱ्याच्या डब्यातनं थोडा रंग आईच्या एका कोंबडीच्या पाठीवर सांडला, आणि आम्ही सगळे हसलो होतो. हसायला लागलं की माणसाला वाटतं, फार काही होणार नाही.

चौथ्या दिवशी सकाळी पाणी खुंटीवरनं गेलं. रंग दिसेना. तीन कोंबड्या खुराड्याच्या छपरावर चढून बसल्या होत्या, पहिल्यांदाच शहाण्यासारख्या. स्वेटरवाली खाली, पाण्यात बसलेली. मेली होती.

हा पायजम्यावर गमबूट घालून पाण्यात उभा. कोंबडी उचलली, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली आणि आत जाऊन कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन करत बसला, की मेलेली कोंबडी कुठल्या पिशवीत टाकायची. अर्धा तास. मला खिडकीतनं दिसत होतं. फोन कानाला आणि दुसरा हात खोक्यावर.

ती कोंबडी मेली त्यात माझाही वाटा आहे. कुणी विचारलेलं नाही, तरी लिहून टाकतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी परसात हा आरडाओरडा. बघतो तर इंजिनियर चिखलात कोंबड्यांच्या मागं पळतोय. हातात मुलीचा टॉवेल. कोंबडी या कोपऱ्यात, हा त्या कोपऱ्यात. हा वाकला की ती पायातनं निसटते. दोनदा पडला. तोंडानं चालूच, "अहो बाई, ऐका, तुमच्याच भल्यासाठी आहे." मुलगी दारात रडकुंडीला आलेली.

मला बघून तो थांबला, धापा टाकत टाकत म्हणाला, "आबा, यांचं पुनर्वसन करायचंय."

तो शब्द मी चाळीस वर्षांनी ऐकला. चपला पायात सरकवल्या, पुढच्या दारानं निघालो, गल्लीला वळसा घालून त्याच्या घरातनं थेट परसात गेलो. चिखलासकट. मुलगी काहीतरी म्हणत होती, मी थांबलो नाही.

"नवी जागा कुठाय?" मी विचारलं.

"आधी पकडतो. तात्पुरतं गॅरेजमध्ये, मग जागा बघतो."

"आधी जागा. मग अंगाला हात."

त्यानं टॉवेल पिळला.

"आणि कोंबडी दिवसा धरता येत नाही, सायेब. दिवस बुडाला की ती आपल्या पायानं घरी येते. मग नुसती उचलायची. हे शेंबड्या पोराला कळतं. तुम्हाला आज ठाऊक नाही, आणि तेव्हाही नव्हतं."

"तेव्हा म्हणजे?"

"तुमचा ट्रक आला दुपारी बाराला."

मग मी सांगितलं. एवढ्या वर्षांत बायकोलाही सगळं सांगितलं नव्हतं. भांडी चढवली, पेटी चढवली, दाराची चौकट काढून चढवली. कोंबड्या शेतात गेलेल्या. आई ओच्यात ज्वारी घेऊन तीतीती करत बांधाबांधानं पळतेय. दाणे बघून जवळ यायच्या आणि हात लांबवला की पळायच्या. दुपारी बाराला कोण हातात येतंय? ड्रायव्हरनं हॉर्न धरला. आई ट्रकावरच्या कारकुनाला म्हणाली, भाऊ, दिवस बुडेस्तोवर थांबा, आपसुक येतात, डालग्याखाली झाकून घेते. तो म्हणाला, बाई, अजून एक गाव उचलायचंय. ट्रक निघाला. आई मागं तोंड करून बसली.

"संध्याकाळी त्या आल्या असतील," मी म्हणालो. "भिंती पाडल्या होत्या, तरी आल्या असतील. कोंबडी जागा सोडत नाही. नव्या गावठाणात आई रोज तिन्हीसांजेला दारात उभी राहायची. तोंडानं काही म्हणायची नाही. नुसती उभी."

पाऊस पडत होता. त्याच्या हातात तो टॉवेल. "किती होत्या?" त्यानं विचारलं.

"सात."

मला वाटलं, आता म्हणेल. ओठ हललेही.

"फॉर्म होता हो," तो म्हणाला. "घर, गोठा, विहीर. झाडं, त्यात आंबा वेगळा, इतर वेगळी. मोठी जनावरं, लहान जनावरं. मीच भरायचो, दारोदार जाऊन. कोंबड्यांचा रकाना नव्हता."

"एवढंच?"

"रकानाच नव्हता," तो पुन्हा म्हणाला.

बघा म्हणजे. माणूस तोंड उघडतो आणि आतनं फॉर्म बाहेर येतो. मला वाटलं तसंच घरी जावं. पण तीन कोंबड्या माझ्याकडं बघत होत्या. भाकरीची ओळख.

मी त्याच्याकडनं कामं करून घेतली. परसाच्या वरच्या अंगाला, घराच्या भिंतीजवळ विटा रचल्या, त्यावर लाकडी फळ्या टाकल्या, रिकामं खुराडं दोघांनी उचलून वर ठेवलं. त्यानं पाणसळ काढली. मी ती हातातनं काढून घेतली.

"लेव्हलमध्ये नको. उतार द्या. लेव्हलमध्ये पाणी थांबतं."

त्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याच्या बापाला शिवी दिली. पण उतार दिला.

चार वाजता अंधारून आलं. इकडं जानेवारीत तिन्हीसांज चारालाच होते. कोंबड्या जुन्या जागी, खुंटीजवळ, एकमेकींना चिकटून बसल्या. मी दाखवलं. दोन्ही पंखांवर हात, छातीखाली तळवा, कोटाच्या आत. हू की चू नाही. त्यानं दुसरी उचलली, बढतीची फाइल धरावी तशी. तिसरी मुलीनं. दार लावलं आणि मी बजावलं, "आठ दिवस कोंडून ठेवायच्या. जागा अंगवळणी पडेपर्यंत सोडायच्या नाहीत. सोडल्या तर जुन्या जागी जातील."

"आठ दिवस," तो म्हणाला. "नोंद घेतली."

तिसऱ्याच दिवशी ऊन पडलं, आणि यानं त्या सोडल्या. का, तर जाळीला चोच लावून उभ्या होत्या, बघवेना. तोच हा माणूस, ज्यानं आख्खं खोरं उठताना बघितलं. संध्याकाळी मी चूळ भरायला मागच्या दारी आलो. फळीपलीकडं आवाज आला म्हणून डोकावलो.

तिन्ही कोंबड्या जुन्या जागी जाऊन बसल्या होत्या. तिथं खुराडं नव्हतं, काहीच नव्हतं. घोटाभर पाणी आणि ती लाल खुंटी. त्या पाण्यात पोट टेकून बसलेल्या, खुराड्याचं दार जिथं असायचं तिकडं तोंड करून. इंजिनियर त्यांच्यासमोर उकिडवा बसलेला, छत्री बाजूला पडलेली, कोटाची टोकं पाण्यात.

"अहो बाई," तो म्हणत होता, "उठा. इथे आता काही नाही. चुकलं हो. आमचं चुकलं."

मी फळीमागं तसाच उभा राहिलो. त्यानं मला पाहिलं की नाही, ठाऊक नाही. कोंबडीला म्हणाला की कुणाला, तेही मी कधी विचारलं नाही. त्यानं एकेक उचलली, पंखांवर हात, छातीखाली तळवा, मी शिकवलं तसं, आणि वर घेऊन गेला. मी घरात आलो. सुनेनं विचारलं, आबा, चूळ भरली का? मी म्हटलं, हो. भरली नव्हती.

मी बरेच दिवस विचार केला, की हे धरायचं का. माझ्याशी बोलायचं ते हा माणूस कोंबडीशी बोलला. हा कसला न्याय? पण आमच्या वेळी सरकार आमच्याशी तरी कुठं बोललं होतं? ते दगडाशी बोललं, रंगाच्या डब्यानं.

फेब्रुवारी सरला, दिवस मोठा झाला आणि त्या तिघी नीट अंडी द्यायला लागल्या. तोवर अधनंमधनं आलेलं प्रत्येक अंडं मुलगी ऑफिसात वाटायची. मला दोनदा देऊन बघितलं होतं, मी हात मागं घेतला होता. आता आठवडाभर ऑफिसात अंडी गेली नाहीत, असं ती नंतर म्हणाली. बाबांनी फ्रिजला हात लावू दिला नाही.

एका सकाळी बेल वाजली. दारात इंजिनियर. कोट, दोन मफलर, खिशातनं पाणसळ डोकावतेय. मी म्हटलं, "कसं काय सायेब?"

नेहमीचं उत्तर आलं नाही. त्यानं अंड्यांचं पुठ्ठ्याचं खोकं पुढं केलं. झाकण उघडलं. सहा खळगे, सहा अंडी, पट्टीनं मांडल्यासारखी. इकडची खोकी सहाचीच असतात.

मग त्यानं कोटातनं दुसरा हात बाहेर काढला. त्या मुठीत एक अंडं होतं.

"याला रकाना नव्हता," तो म्हणाला. "हातात आणलं."

मी आधी तेच घेतलं.